बायपासनंतर सायकल कधी?

बायपास झालेला माणूस घरी आला की पहिले आठ दिवस त्याला कुणी पाण्याचा तांब्याही उचलू देत नाही. महिना उलटतो, घरातला पैसा संपत येतो आणि तोच माणूस भिंतीला टेकवलेल्या सायकलीकडे बघू लागतो. पेपर टाकणारे, दूधवाले, रात्रपाळीचे वॉचमन, आपल्या वस्त्यांतल्या कितीतरी घरांचं पोट त्या दोन चाकांवर आहे. म्हणून "आता सायकल विसरा" असं सांगून मोकळं होणं आम्हाला पटत नाही. "बरं वाटतंय तर जा" हेही पटत नाही.

बायपासमध्ये बहुतेक वेळा छातीचं मधलं हाड उभं कापतात आणि काम झालं की स्टीलच्या तारांनी बांधतात. वरची कातडी दोन-तीन आठवड्यांत जुळते. जखम वाळली की घरच्यांना वाटतं, माणूस बरा झाला. आत हाड मात्र अजून जुळत असतं. त्याला 6 ते 8 आठवडे लागतात, आणि पुरतं घट्ट व्हायला साधारण 3 महिने. साखर वाढलेली असेल, बिडी चालू असेल, तर त्याहून जास्त.

सायकल पायांनी चालते असं आपण म्हणतो, पण हँडलवर वाकलं की अंगाचा भार हातांतून छातीवर येतो. चाक खड्ड्यात गेलं की झटकाही तिथेच बसतो. चालवण्याच्या आधीचंही बघा. गटार ओलांडताना सायकल उचलायची, चढावर ढकलायची, चोरीच्या भीतीने रात्री जिन्यावरून वर न्यायची. जुनी काळी सायकल 20 किलोच्या आसपास भरते. सुरुवातीच्या आठवड्यांत 4-5 किलोपेक्षा जास्त उचलायचं नसतं, म्हणजे भरलेली कळशीसुद्धा नाही. डिस्चार्ज कार्डावर "जड उचलू नये" एवढंच लिहिलेलं असतं. जड म्हणजे किती, हे विचारणारा पेशंट आम्हाला वॉर्डात क्वचितच भेटला. राऊंडला डॉक्टर आले की आपला माणूस मान डोलावतो आणि गप्प बसतो. विचारा. तो तुमचा हक्क आहे. "मी सायकलवर काम करतो, रोज इतकं ओझं असतं" हेही सांगा, नाहीतर डॉक्टरांना कसं कळणार?

सुरुवात चालण्यापासून. सपाट रस्त्यावर पाच-दहा मिनिटं, दिवसातून दोनदा, मग हळूहळू वाढवत अर्ध्या तासापर्यंत. सहा आठवड्यांच्या तपासणीत सगळं ठीक असेल तर फिजिओथेरपी विभागात जागच्या जागी चालवायची सायकल देतात. ती सोय असेल तर सोडू नका. घरची सायकल स्टँडवर लावून पायडल मारायची युक्ती मात्र नको, स्टँड घसरतो.

तीन महिने झाले आणि डॉक्टर हो म्हणाले की विहारासमोरच्या मोकळ्या जागेत दहा मिनिटं चालवा. कॅरिअर रिकामं, सोबत कुणीतरी. बसल्या बसल्या पाय जमिनीला टेकतील इतकी सीट खाली घ्या. पायाची शीर काढलेली असेल तर तो पाय सुजतो, उंच दांडीवरून टाकणं जड जातं. घरात मुलीची बिनदांडीची सायकल असेल तर तीच घ्या, लाजायचं काय त्यात? जेवल्याबरोबर नको, दुपारच्या उन्हात नको. उभं राहून, श्वास रोखून पायडल मारू नका. शेवटची दोन-तीन मिनिटं हळू चालवा, एकदम थांबलं तर चक्कर येते. मेटोप्रोलॉलसारखी गोळी चालू असेल तर नाडी फारशी वाढत नाही, म्हणून नाडीवर विसंबू नका. चालवताना सोबत्याशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. धाप लागून शब्द तुटला, तर वेग जास्त आहे. ओझं सगळ्यात शेवटी, तेही थोडं थोडं. डबलसीट तर नाहीच.

अँजिओप्लास्टीत हाड कापत नाहीत, त्यामुळे परतणं लवकर होतं. पण ॲटॅक येऊन गेला असेल तर दिवस डॉक्टरच ठरवतील. स्टेंटच्या गोळ्या मनाने बंद करायच्या नाहीत.

सांधेतापाने झडप खराब झालेली तरुण मुलं-मुलीही वस्त्यांत आहेत. धातूची झडप बसवली की रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर असते. असा माणूस सायकलवरून पडून डोक्याला मार लागला, तर बाहेर जखम नसली तरी त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. रक्तस्राव आत होऊ शकतो. त्यांनी हेल्मेट घालावंच, कुणी हसलं तरी.

छातीच्या हाडात कटकट आवाज, जखमेतून पू, ताप, दोन-तीन दिवसांत वाढलेली पायांची सूज, यांपैकी काही दिसलं तर सायकल बंद आणि तपासणी. छातीत दुखलं, भोवळ आली, दम थांबेना, तर 108 ला फोन.

राहिला प्रश्न त्या तीन महिन्यांच्या मजुरीचा. महात्मा फुले योजनेत ऑपरेशन होतं, चूल पेटत नाही. एका वस्तीत अभ्यासिकेतल्या चार मुलांनी एका पेपरवाल्याची लाइन वाटून घेतली आणि पैसे त्याच्या घरी दिले. चौथ्या महिन्यात तो परतला. सपाटीवरची घरं आता तो करतो, टेकडीवरची अजून मुलंच करतात.