इंग्रजी शिकणारे जग – लेखांक ७ : पोर्तुगीज भाषक आणि इंग्रजीची लहान क्रियापदे

मागच्या लेखांकात जपानी भाषकांना इंग्रजीतली 'अ' आणि 'द' ही उपपदे का अवघड जातात, ते आपण पाहिले. या आठवड्यात पोर्तुगीज भाषकांकडे वळू. पोर्तुगाल, ब्राझील, अंगोला, मोझांबिक, गिनी-बिसाऊ, केप व्हर्दे, साओ टोमे आणि पूर्व तिमोर या देशांत पोर्तुगीज ही राजभाषा आहे. बोलणाऱ्यांत सर्वांत मोठा वाटा ब्राझीलचा. २०२२ च्या जनगणनेत त्या देशाची लोकसंख्या वीस कोटींच्या वर नोंदली गेली. गोव्याचाही या विषयाशी संबंध आहे. १९६१ पूर्वी पणजीच्या लिसेवमध्ये, म्हणजे पोर्तुगीज माध्यमिक शाळेत, शिकलेल्यांचे शिक्षण पोर्तुगीजमधून झाले. मुक्तीनंतर कचेऱ्या आणि कॉलेजांचा व्यवहार इंग्रजीकडे गेला, तेव्हा त्यांतल्या अनेकांना ऐन उमेदीच्या वयात इंग्रजी आपलीशी करावी लागली.

खरे तर पोर्तुगीज माणसाला इंग्रजी सोपी जायला हवी. लिपी तीच. त्याची भाषा लॅटिनची लेक, आणि इंग्रजीनेही लॅटिन-फ्रेंच शब्द भरभरून घेतलेले. १०६६ मध्ये नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकले आणि दरबार, न्यायालय, करवसुली यांची भाषा फ्रेंच झाली. पुढे विद्वानांनी थेट लॅटिनमधूनही शब्द उचलले. म्हणून 'इन्व्हेस्टिगेट', 'टॉलरेट', 'कॅन्सल', 'कंटिन्यू' हे शब्द साओ पाउलोच्या विद्यार्थ्याला पाहताक्षणी कळतात. त्याच्याकडे 'इन्व्हेस्तिगार', 'तोलेरार', 'कान्सेलार', 'कोन्तिनुआर' आहेतच. त्याचे अडते ते 'गेट', 'टेक', 'मेक', 'हॅव', 'पुट' यांच्यापाशी. ही क्रियापदे इंग्रजीच्या जर्मानिक घराण्यातली, रोजच्या जगण्यातली, आणि प्रत्येकाचे अर्थ डझनांनी. कठीण शब्द येतात आणि सोपे येत नाहीत, असे का होते, हे आज समजून घेऊ.

भूक कोणत्या क्रियापदाची?

ब्राझीलमध्ये शाळेतल्या इंग्रजीचा विषय निघाला की 'टू बी क्रियापद' हे शब्द हमखास येतात. वर्षानुवर्षे 'ॲम, इज, आर' हीच रूपे घोकली, पुढे काही शिकलोच नाही, ही तिथल्या कित्येकांची तक्रार असते. २०१७ च्या कायद्याने सहावीपासून इंग्रजी सक्तीची झाली. तरी ज्यांना परवडते ते मुलांना शाळेबाहेरच्या खासगी वर्गांना घालतात.

रूपे पाठ असतात, पण ती कुठे वापरायची हे पाठ करून कळत नाही. पोर्तुगालचा माणूस 'तेन्यो फोमे' म्हणतो, म्हणजे शब्दशः 'माझ्याजवळ भूक आहे'. ब्राझीलचा माणूस बहुधा 'एस्तोउ कोम फोमे' म्हणतो, म्हणजे 'मी भुकेसह आहे'. इंग्रजीत मात्र भूक हे नाम बाजूला राहते आणि विशेषण पुढे येते: 'आय ॲम हंग्री'. मराठीची वाट आणखी वेगळी. आपल्याला भूक 'लागते'. तहान, झोप, भीती, घाई, नशीब या सगळ्यांची पोर्तुगीज मांडणी 'तेर' या, म्हणजे जवळ असण्याच्या, क्रियापदावर होते. इतकेच काय, वयही जवळ असते. 'तेन्यो विन्ते आनोस' म्हणजे 'माझ्याजवळ वीस वर्षे आहेत'. म्हणून नवशिका हमखास 'आय हॅव ट्वेंटी इयर्स' म्हणतो. 'तुझे बरोबर आहे' हेही त्याच्या भाषेत 'तुझ्याजवळ योग्य कारण आहे' असे असल्यामुळे 'यू हॅव रीझन' तोंडून निघते.

उलटी अडचणही आहे. जेवायच्या क्रियेला पोर्तुगीजमध्ये स्वतंत्र क्रियापदे आहेत: दुपारचे जेवणे 'आल्मोसार', रात्रीचे जेवणे 'जान्तार'. इंग्रजीत त्यासाठी 'हॅव लंच', 'हॅव डिनर' असे दोन शब्द जोडावे लागतात. म्हणजे जिथे पोर्तुगीज माणसाला 'हॅव' हवेसे वाटते तिथे ते चालत नाही, आणि जिथे ते सुचत नाही तिथे ते लागते.

एक 'फाझेर', अनेक इंग्रजी वाटा

शिक्षकांचा सर्वाधिक वेळ खाणारा धडा 'मेक' आणि 'डू' यांचा. पोर्तुगीजमध्ये दोघांसाठी 'फाझेर' हे एकच क्रियापद आहे, जसे आपल्याकडे 'करणे'. आपण गृहपाठ करतो, केक करतो, गोंगाट करतो, मैत्री करतो, उपकार करतो. 'फाझेर'ही हे सगळे करते. इंग्रजीत मात्र गृहपाठ आणि उपकार यांना 'डू', तर केक, गोंगाट आणि मैत्री यांना 'मेक'. वर्गात नियम सांगितला जातो तो असा: नवे काही घडले तर 'मेक', नुसते काम उरकले तर 'डू'. सुरुवातीला तो कामाला येतो, पण 'मेक द बेड' म्हणताना पलंग कोणी बनवत नाही. अंथरूण नीट करणे एवढाच अर्थ. नियमाच्या आधाराने थोडेच अंतर जाता येते, पुढे वापरच शिकवतो.

शिवाय 'फाझेर'ची अनेक कामे या दोघांपैकी एकाकडेही जात नाहीत. पोर्तुगीज माणूस प्रश्न 'करतो', इंग्रज तो 'आस्क' करतो. पोर्तुगीज माणूस विश्रांती 'करतो', इंग्रज 'टेक अ ब्रेक' म्हणतो. उन्हाळ्यात पोर्तुगीजमध्ये हवा उकाडा 'करते', इंग्रजीत 'इट इज हॉट' एवढेच.

मराठी वाचकाने येथे थोडे थांबून तीन भाषा शेजारी ठेवून पाहाव्यात. परीक्षा पोर्तुगीज विद्यार्थी 'करतो', मराठी विद्यार्थी 'देतो' आणि इंग्रज विद्यार्थी 'टेक' करतो, म्हणजे घेतो. आपल्याकडची मुले 'गिव्ह एक्झाम' म्हणतात ती याच कारणाने. साओ पाउलोची मुले 'मेक एक्झाम' म्हणतात, चूक त्याच जातीची. लक्ष पोर्तुगीजमध्ये 'प्रेस्तार' करायचे, म्हणजे उसने द्यावे तसे द्यायचे. मराठीत नुसते द्यायचे. इंग्रजीत 'पे' करायचे, म्हणजे चुकते करायचे. निर्णय मराठी माणूस घेतो, पोर्तुगीज माणूसही 'तोमार' करतो, म्हणजे घेतोच. इंग्रजीत सर्रास 'मेक अ डिसिजन' म्हणतात. आणि फोटो? पोर्तुगीजमधले 'तिरार' हे क्रियापद म्हणजे आपले 'काढणे'. पोर्तुगीज माणूस फोटो आपल्यासारखाच काढतो.

यातली कोणतीही भाषा जास्त तर्कशुद्ध नाही. जगातली कामे तीच. कोणते काम कोणत्या क्रियापदाकडे सोपवायचे, याची वाटणी प्रत्येक भाषेने आपापल्या इतिहासात केलेली आहे. ती वाटणी पूर्ण तर्काने काढता येत नाही, शिकावीच लागते.

'गेट' : कुठेही जाणारे क्रियापद

'गेट'चे पोर्तुगीज भाषांतर विचारले तर शिक्षकाला एक शब्द देता येत नाही, कारण हे काम पोर्तुगीजमध्ये तीन ठिकाणी विभागले आहे. पहिले 'फिकार' हे क्रियापद. राहणे, होणे, कुठेतरी असणे, एखादी वस्तू स्वतःकडे ठेवणे, इतके अर्थ त्यात मावतात. 'फिकार रिको' म्हणजे श्रीमंत होणे, इंग्रजीत 'गेट रिच'. पण 'फिकार एम काझा' म्हणजे घरी राहणे, तिथे इंग्रजीत 'स्टे' लागते.

दुसरे, 'एसेर' या शेवटाची क्रियापदे. 'आनोइतेसेर' म्हणजे अंधारणे, 'एन्व्हेलेसेर' म्हणजे म्हातारे होणे, 'आदोएसेर' म्हणजे आजारी पडणे. इंग्रजीत तिन्ही ठिकाणी 'गेट' आणि पुढे विशेषण: 'गेट डार्क', 'गेट ओल्ड', 'गेट सिक'. तिसरे, 'से' हे आत्मवाचक सर्वनाम जोडलेली क्रियापदे. लग्न करणे 'काझार-से', कपडे घालणे 'व्हेस्तीर-से', वाट चुकणे 'पेर्देर-से'. इंग्रजीत पुन्हा 'गेट मॅरिड', 'गेट ड्रेस्ड', 'गेट लॉस्ट'.

हे तीन गट वेगळे करून दाखवले की विद्यार्थ्याला मोठा दिलासा मिळतो. 'गेट' हे अर्थहीन, हवे तिथे चिकटणारे क्रियापद आहे, असे त्याला वाटत असते. या तिन्ही गटांत 'गेट'चा अर्थ एका स्थितीतून दुसऱ्या स्थितीत जाणे हाच आहे. मराठीत 'होणे' यातला बराच भाग सांभाळते.

दिशा कुठे ठेवायची?

सर्वांत कठीण भाग 'फ्रेझल व्हर्ब'चा, म्हणजे क्रियापदाला 'अप', 'आउट', 'ऑफ' जोडून होणाऱ्या प्रयोगांचा. त्यामागचे कारण अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ लेनर्ड टाल्मी यांनी १९८५ च्या त्यांच्या प्रसिद्ध विवेचनात उलगडले. काही भाषा हालचालीची दिशा क्रियापदातच ठेवतात, काही ती बाहेर, जोडशब्दात ठेवतात. पोर्तुगीज पहिल्या प्रकारची. 'एन्त्रार' म्हणजे आत जाणे, 'साइर' बाहेर जाणे, 'सुबिर' चढणे, 'देसेर' उतरणे. धावत शिरला हे सांगायचे तर 'एन्त्रोउ कोर्रेन्दो', म्हणजे 'धावत शिरला', हुबेहूब मराठीसारखे. इंग्रजीत धावणे क्रियापद होते आणि दिशा मागून येते: 'रॅन इन'. आपण नदी पोहून ओलांडतो, पोर्तुगीज माणूसही पोहून ओलांडतो. इंग्रज 'स्वॅम अक्रॉस' म्हणतो.

ज्याच्या भाषेत दिशा क्रियापदाच्या पोटात आहे त्याला 'अप' आणि 'आउट' हे शब्द फालतू वाटतात. तो त्यांना टाळतो. 'पुट आउट'ऐवजी 'एक्स्टिंग्विश', 'पुट अप विथ'ऐवजी 'टॉलरेट', 'लुक इन्टू'ऐवजी 'इन्व्हेस्टिगेट' म्हणतो. व्याकरण बिनचूक असते, पण घरगुती प्रसंगात ते बोलणे 'मी भोजन ग्रहण केले' म्हणणाऱ्या माणसासारखे ऐकू येते. त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे समोरचा माणूस या छोट्या शब्दांतच बोलतो, आणि मग पदवीधर माणसालाही साधे संभाषण उलगडत नाही.

मदत मात्र मातृभाषेतूनच मिळू शकते. 'इर एम्बोरा' म्हणजे निघून जाणे आणि ब्राझीलमधले 'जोगार फोरा' म्हणजे फेकून देणे, हे पोर्तुगीजचे रोजचे प्रयोग घडणीने 'गो अवे' आणि 'थ्रो अवे' यांच्या जवळचे आहेत. शिक्षकाने धडा तिथून सुरू करावा. मराठी माणसाकडे तर याहून मजबूत आधार आहे, तो म्हणजे आपली संयुक्त क्रियापदे. 'खाऊन टाक' म्हणताना 'टाकणे'चा मूळ अर्थ उरत नाही. क्रिया पूर्ण कर, एवढाच भाव राहतो. 'ईट अप'मधला 'अप' हेच काम करतो. 'लिहून घे' आणि 'राइट डाउन', 'देऊन टाक' आणि 'गिव्ह अवे' या जोड्या मराठी मुलांना दाखवल्या तर ते 'अप' आणि 'डाउन' निरर्थक वाटणार नाहीत.

शब्दशः भाषांतराचा धडा

याबाबत एक पुस्तक प्रसिद्ध आहे. १८५५ मध्ये पॅरिसमध्ये पेद्रू कारोलिनू यांचे पोर्तुगीज-इंग्रजी संभाषणाचे मार्गदर्शक छापले गेले. त्यातले वाक्प्रचार शब्दाला शब्द ठेवून इंग्रजीत आणलेले असल्याने बरेचसे इंग्रज वाचकाला कळतच नाहीत. कारोलिनू यांना इंग्रजी फारशी येत नसावी आणि त्यांनी पोर्तुगीज-फ्रेंच पुस्तकावरून फ्रेंच-इंग्रजी कोशाच्या मदतीने हे काम केले असावे, असा अभ्यासकांचा तर्क आहे. १८८३ मध्ये त्याच्या बोस्टन आवृत्तीला मार्क ट्वेन यांनी प्रस्तावना लिहिली आणि ते जगभर विनोदाचे पुस्तक म्हणून गाजले. शिकणाऱ्याने त्यातून घ्यायचा धडा मात्र गंभीर आहे: कोश शब्द देतो, शब्दांची जोडी देत नाही.

ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञ जे. आर. फर्थ यांनी १९५० च्या दशकात हाच मुद्दा शास्त्र म्हणून मांडला. शब्द ओळखायचा तर तो कोणाच्या शेजारी बसतो ते पाहा, असे त्यांचे प्रतिपादन. २००२ मध्ये ऑक्सफर्डने केवळ शब्दांच्या जोड्यांचा कोश विद्यार्थ्यांसाठी काढला. त्यात नाम शोधायचे आणि त्याच्या जोडीला येणारी क्रियापदे वाचायची. हीच पद्धत शिकणाऱ्याने वहीत वापरावी. 'मेक'चे पन्नास अर्थ एका पानावर लिहू नयेत. 'मिस्टेक' हे नाम लिहावे आणि त्यापुढे 'मेक', 'अटेन्शन'पुढे 'पे', 'एक्झाम'पुढे 'टेक'. 'गेट'ची अकारविल्हे यादीही पाठ करू नये. सकाळी उठल्यापासून रात्री दिवा मालवेपर्यंतची वाक्ये लिहावीत. 'वेक अप', 'गेट अप', 'पुट ऑन', 'टर्न ऑफ' ही त्यात ओघाने येतात आणि प्रसंगासह लक्षात राहतात.

कान तयार होणेही तितकेच महत्त्वाचे. पोर्तुगालमध्ये परदेशी चित्रपट आणि मालिका मूळ आवाजात, खाली अक्षरे देऊन दाखवण्याची परंपरा आहे. ब्राझीलच्या दूरचित्रवाणीवर त्या बहुधा पोर्तुगीज आवाजात येतात. त्यामुळे लिस्बनच्या मुलाच्या कानावर 'कम ऑन' आणि 'शट अप' ही क्रियापदे लहानपणापासून पडतात, रिओच्या मुलाला ती वर्गात भेटतात.

मराठी पालकांना आणि शिक्षकांना माझी विनंती एवढीच: मुलांना इंग्रजीचे मोठाले शब्द पाठ करायला लावण्याआधी दहा लहान क्रियापदे त्यांच्या सोबत्यांसह शिकवा, आणि प्रत्येक जोडीशेजारी मराठी जोडी लिहायला लावा. त्यासाठी मराठी बाजूला सारण्याची गरज नाही. फरक दिसायला दोन्ही भाषा समोर हव्यात.

पुढच्या आठवड्यात अरबी भाषकांकडे वळू. त्यांच्या भाषेत वर्तमानकाळातल्या साध्या विधानात 'आहे' हे क्रियापदच लागत नाही.