ड्राफ्ट आला, टेप काढा!

अमेरिकन फुटबॉलचा ड्राफ्ट, म्हणजे संघांनी नवे खेळाडू निवडण्याचा सोहळा, जवळ आला की चाहत्यांचे शिंपी होतात. उंची, वजन, हातांची लांबी, सगळ्याची मापं तोंडपाठ! त्यातही चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकची वीत म्हणजे जिव्हाळ्याचा विषय. पंजा ताणायचा आणि अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंत मोजायचं. २०२२ मध्ये केनी पिकेटची वीत साडेआठ इंच भरली आणि गहजब झाला: पावसात, थंडीत याच्या हातून चेंडू निसटणार! गडी आधीपासूनच हातमोजे घालून खेळायचा. तरीही पिट्सबर्ग स्टीलर्सनी त्याला पहिल्याच फेरीत, विसाव्या क्रमांकावर उचललं. जो बरोची वीतही ९ इंचच; २०२० ला तो सर्वांत आधी निवडला गेला.

मला विचाराल तर वीत सोडा, वेग आणि वजन एकत्र बघा. ४० यार्डांच्या धावेत टॉम ब्रेडीला ५.२८ सेकंद लागले होते (निवड १९९वी, पुढे ७ सुपर बोल विजेतेपदं, असो). झेव्हियर वर्दीने २०२४ मध्ये ४.२१ चा विक्रम केला, पण वजन जेमतेम ७५ किलो. आणि जॉर्डन डेव्हिस? जवळपास १५५ किलोचा हा पहाड २०२२ मध्ये ४.७८ सेकंदांत धावला. व्हिडिओ बघाच!