चित्रपट कां आवडला नाहीं?

चित्रपट पाहून घरीं परतणाऱ्या मंडळींस ‘कसा काय होता?’ असें विचारलें, तर बहुधा दोनच उत्तरें मिळतात: ‘छान होता’, किंवा ‘अगदीं टाकाऊ होता’. त्यापुढें ‘कां?’ असा प्रश्न केला कीं, बोलणारा अडखळतो. चांगल्याचें कारण सांगतां आलें नाहीं तर फारसें बिघडत नाहीं. परंतु दुसऱ्याच्या कामास आपण वाईट म्हणतों, तेव्हां कारण देणें हें आपलें कर्तव्यच ठरतें. कारण त्या एका शब्दानें आपण अनेक माणसांच्या श्रमांवर शिक्का मारीत असतों. हें कर्तव्य ज्यानें जन्मभर पत्करिलें, अशा एका अमेरिकन टीकाकाराची हकीकत विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस उद्बोधक वाटेल, म्हणून ती येथें सादर करीत आहों.

रॉजर ईबर्ट याचा जन्म १९४२ सालीं अमेरिकेंतील इलिनॉय राज्यांत अर्बाना या गांवीं झाला. त्याचे वडील विजेचीं कामें करीत. १९६७ सालीं तो ‘शिकागो सन-टाइम्स’ या वृत्तपत्राचा चित्रपट-टीकाकार झाला, आणि २०१३ सालीं मृत्यु येईपर्यंत त्यानें तें काम सोडलें नाहीं. १९७५ सालीं त्यास पुलित्झर पारितोषिक मिळालें. चित्रपट-टीकेबद्दल हा मान मिळविणारा तो पहिलाच लेखक होय. त्याच वर्षीं जीन सिस्केल या प्रतिस्पर्धी पत्राच्या टीकाकाराबरोबर त्यानें दूरचित्रवाणीवर चित्रपटांची चर्चा करण्यास आरंभ केला. दोघे मनसोक्त वाद घालीत. पुढें ‘आंगठा वर’ कीं ‘आंगठा खालीं’ ही त्यांची निकाल देण्याची खूण अमेरिकेंत घरोघर परिचित झाली.

वृत्तपत्रांत मात्र ईबर्ट चार ताऱ्यांच्या मापानें श्रेणी देई. हे तारे म्हणजे सोन्याचा कस लावण्याचें माप नव्हे, असें तो वाचकांस समजावून सांगे. साहसकथेची तुलना साहसकथेशींच करावी. हंसविण्यासाठीं काढलेल्या चित्रपटास तो गंभीर नाहीं म्हणून दोष देऊं नये. शाळेंतील धांवण्याच्या शर्यतींत पहिल्या आलेल्या मुलास, त्याचें अक्षर चांगलें नाहीं म्हणून आपण बक्षीस नाकारीत नाहीं; त्यांतलाच हा न्याय. चित्रपटानें काय करण्याचें मनांत आणलें होतें व तें त्यास कितपत साधलें, हा पहिला प्रश्न. याप्रमाणें पाहिलें, म्हणजे नापसंत चित्रपटांचेहि निरनिराळे प्रकार दिसूं लागतात.

पहिला प्रकार विस्मरणीय चित्रपटांचा. हे चित्रपट रागहि आणीत नाहींत. नाट्यगृहाबाहेर पाऊल पडतें न पडतें तोंच ते मनांतून पुसले जातात. असें कां होतें याचें उत्तर ईबर्टच्या एका गमतीदार पुस्तकांत सांपडतें. चित्रपटांतील झिजलेल्या युक्त्यांचा एक छोटा कोश त्यानें १९९४ सालीं प्रसिद्ध केला. परक्या शहरांत पाठलाग सुरू झाला कीं, वाटेंत फळांची गाडी हटकून उलटावयाची आणि फळवाल्यानें ओरडत रस्त्यावर धांवून यावयाचें, ही त्यांतलीच एक नोंद. अशा सांच्यांतून काढलेल्या तुकड्यांनीं जोडलेला चित्रपट डोळ्यांपुढून जातो. पण पुढें काय होणार हें आधींच ठाऊक असल्यामुळें मनास करण्यासारखें कांहीं उरत नाहीं, आणि मन ज्यांत गुंतलें नाहीं तें स्मरणांतहि राहत नाहीं. घोकलेला निबंध परीक्षेनंतर विसरतो, त्याचेंहि कारण हेंच.

दुसरा प्रकार निराशा करणाऱ्या चित्रपटांचा. निराशेस आधीं आशा असावी लागते. ज्याच्याकडून कांहीं अपेक्षाच नाहीं, तो आपली निराशा करूं शकत नाहीं. याचें प्रसिद्ध उदाहरण म्हणजे १९९४ सालचा ‘नॉर्थ’ हा चित्रपट. आईबाप आपल्याकडे लक्ष देत नाहींत म्हणून रुसलेला एक मुलगा न्यायालयाची मोकळीक मिळवून देशोदेशीं नवे आईबाप शोधीत हिंडतो, अशी त्याची कथा. विषय गोड आणि हृदयास भिडणारा होण्यासारखा. परंतु मुलाच्या दुःखाचा ठाव कोठेंच घेतलेला नाहीं आणि निरनिराळ्या लोकांच्या चालीरीतींवर हलके विनोद मात्र केले आहेत, असें ईबर्टला दिसलें. आपला तिरस्कार त्यानें अत्यंत कडक शब्दांत व्यक्त केला व त्यास एकहि तारा दिला नाहीं. असल्या विनोदांनीं प्रेक्षक रिझतील असें मानणें, हा प्रेक्षकांचाच अपमान आहे, असा त्याच्या रागाचा आशय होता. नावडत्या चित्रपटांच्या परीक्षणांचा त्याचा एक संग्रह २००० सालीं निघाला, त्याचें नांवहि याच परीक्षणांतील शब्दांवरून ठेवलें आहे.

एवढेंच सांगून थांबलों तर ईबर्टवर अन्याय होईल. त्याच परीक्षणांत तो म्हणतो कीं, चित्रपट वाईट असला तरी दिग्दर्शक रॉब रायनर हा वाईट कलावंत नव्हे. हा त्याचा एक तोल गेला आहे, व त्यांतून तो सावरेल. मुलाचें काम करणारा एलायजा वुड हा उत्तम बालनट असल्याचें सांगून, अशा कथेंत अडकविल्याबद्दल त्याची तो कींवच करतो. घाव घातला तो कृतीवर. कर्त्यास त्यानें पुन्हां उभें राहण्यास जागा ठेवली.

टीकाकाराचा निकाल कधीं चुकत नाहीं काय? चुकतो, आणि येथेंच त्याची खरी कसोटी असते. १९९३ सालीं ‘ग्राउंडहॉग डे’ नांवाचा एक विनोदी चित्रपट निघाला. हवामानाची वार्ता सांगणारा एक गर्विष्ठ मनुष्य लहानशा गांवीं जातो, आणि तेथें त्यास फेब्रुवारीचा दुसरा दिवस पुनःपुन्हां जगावा लागतो. अखेर स्वभाव पालटून तो परोपकारी होतो तेव्हांच त्याची सुटका होते. ईबर्टनें त्यास तीन तारे दिले, म्हणजे चांगला, पण थोर नव्हे. पुढें २००५ सालीं त्यानें याच चित्रपटाचा आपल्या ‘थोर चित्रपट’ या लेखमालेंत समावेश केला, आणि प्रथम आपण त्याची योग्यता कमी लेखली होती असें मोकळेपणानें कबूल केलें. काम इतकें सहज वठलें होतें कीं, त्यांतील कौशल्य पहिल्या भेटींत नजरेंत भरलें नाहीं. बारा वर्षांनीं आपलाच निकाल फिरविल्यानें त्याची प्रतिष्ठा उणी झाली नाहीं. उलट त्याच्या इतर निकालांवरचा विश्वास वाढावा, अशीच ही गोष्ट आहे.

आणखी एक प्रसंग सांगण्याजोगा आहे. २००५ सालीं रॉब श्नायडर या विनोदी नटाच्या एका चित्रपटाची ईबर्टनें बोचऱ्या शब्दांत हजेरी घेतली. पुढच्याच वर्षीं कर्करोगावरील शस्त्रक्रियांमुळें ईबर्टची वाचा कायमची गेली. २००७ सालीं तो आजारी असतां त्याच्याकडे एक पुष्पगुच्छ आला. पाठविणारा होता श्नायडर! ईबर्टनें त्या फुलांची कृतज्ञतापूर्वक नोंद केली, आणि या मनुष्यानें वाईट चित्रपट काढला असेल, पण मनुष्य वाईट नाहीं, असें लिहिलें. चित्रपटावरचें मत त्यानें बदललें नाहीं. फुलांनीं मत विकत घेतां येत नाहीं, आणि मतभेदानें माणुसकीहि संपत नाहीं, हे दोन्ही धडे त्या एका गुच्छांत आहेत. वाचा गेल्यावरहि त्याची लेखणी थांबली नाहीं. २०१२ या एका सालांत त्यानें तीनशेंहून अधिक परीक्षणें लिहिलीं.

विद्यार्थिमित्रहो, एखादा चित्रपट, पुस्तक किंवा वर्गमित्राची कविता तुम्हांस आवडली नाहीं, तर तसें निर्भीडपणें अवश्य सांगा. खोट्या स्तुतीनें कोणाचेंच कल्याण होत नाहीं. मात्र कर्त्याचा हेतु काय होता हें आधीं पाहा. कोठें बिघडलें तें नेमकें दाखवा. माणसास दूषण देऊं नका. आणि आपलें मत चुकलें असें दिसल्यास तें बदलण्यास लाजूं नका.

पालकांसहि एक विनंति आहे. मुलाच्या प्रगतिपुस्तकांतील उणे गुण पाहून आपणहि एक प्रकारें टीकाकारच होतों. ‘हें गणित चुकलें’ आणि ‘तूंच ढ आहेस’ या दोन वाक्यांत जमीन-अस्मानाचें अंतर आहे. पहिलें ऐकून मूल पाटी पुसून गणित पुन्हां मांडतें. दुसरें ऐकून तें पाटीच खालीं ठेवतें.