प्रोपेलर शाफ्टची जोडणी : खुणा जुळल्या तरच गाडी सुरळीत

भाजीपाला, फळे, दूध, खते व बियाणे यांच्या वाहतुकीसाठी पिकअप गाडी हे आता अनेक शेतकरी कुटुंबांचे व उत्पादक गटांचे महत्त्वाचे साधन झाले आहे. तिची देखभाल करताना इंजिन तेल, ब्रेक व टायर यांकडे लक्ष दिले जाते. परंतु गिअरबॉक्समधील शक्ती मागील एक्सलपर्यंत नेणाऱ्या प्रोपेलर शाफ्टकडे बहुधा दुर्लक्ष होते. क्रॉस बदलण्यासाठी काढलेला शाफ्ट पुन्हा बसवताना त्याची दिशा चुकल्यास सर्व सुटे भाग नवे असूनही गाडी थरथरू लागते. हा दोष सुट्या भागांचा नसून जोडणीचा असतो. म्हणून त्यामागील तत्त्व समजून घेणे उपयुक्त ठरेल.

तत्त्व काय आहे?

शाफ्टच्या टोकांना असलेल्या युनिव्हर्सल जॉइंटमुळे गिअरबॉक्स व एक्सल एका सरळ रेषेत नसतानाही शक्ती वाहून नेता येते. सोळाव्या शतकातील इटालियन विद्वान कार्डानो व सतराव्या शतकातील इंग्रज शास्त्रज्ञ रॉबर्ट हूक यांची नावे या जोडाशी निगडित आहेत. या जोडाचा एक अंगभूत गुणधर्म आहे. तो कोनात फिरत असताना आत येणारी गती एकसारखी असली, तरी बाहेर पडणारी गती प्रत्येक फेऱ्यात दोनदा वाढते व दोनदा कमी होते. कोन १० अंशांचा असेल तर हा चढउतार सुमारे दीड टक्का, तर २० अंशांचा असेल तर सुमारे सहा टक्के असतो.

यावरील उपाय शाफ्टच्या रचनेतच आहे. शाफ्टच्या दोन्ही टोकांचे योक एकाच पातळीत असतील आणि दोन्ही जोडांचे कोन समान असतील, तर पहिल्या जोडाने निर्माण केलेला चढउतार दुसरा जोड नाहीसा करतो. योक एकमेकांशी काटकोनात बसले, तर मात्र दोन्ही चढउतारांची बेरीज होते.

पिकअपच्या चाकाचा परीघ सुमारे २ मीटर व एक्सलचे गुणोत्तर ४ धरल्यास, ताशी ६० किलोमीटर वेगाला शाफ्ट मिनिटाला सुमारे २,००० फेरे घेतो. म्हणजे चुकीच्या जोडणीचे धक्के मिनिटाला सुमारे ४,००० वेळा बसतात. त्यामुळे क्रॉसचे सुईबेअरिंग, सेंटर बेअरिंग आणि गिअरबॉक्स व एक्सल यांचे ऑइल सील लवकर निकामी होतात.

चूक नेमकी कोठे होते?

शाफ्टची लांबी कमीजास्त होण्यासाठी त्यात सरकता भाग असतो. काही शाफ्टमध्ये त्याच्या खाचांची रचना अशी असते की तो एकाच प्रकारे बसतो. इतरांमध्ये तो कोणत्याही खाचेवर बसू शकतो. एकूण १६ खाचा असतील, तर एक खाच चुकल्यानेही योक २२.५ अंशांनी फिरतो. दोन तुकड्यांच्या शाफ्टमध्ये तीन जोड असतात व त्यांची परस्पर मांडणी उत्पादकानुसार वेगळी असू शकते. तेथे अंदाज न करता गाडीची सेवा पुस्तिकाच प्रमाण मानावी.

सर्व्हिसिंग करताना घ्यावयाची काळजी

१. गाडी सपाट जागी उभी करून हँडब्रेक ओढावा व चाकांना पुढे-मागे ओट लावावी. शाफ्ट सुटल्यावर गिअरमध्ये ठेवलेली गाडीही घरंगळू शकते. केवळ गिअरवर विसंबणे जिवावर बेतू शकते.

२. शाफ्ट सोडण्यापूर्वी दोन्ही फ्लँज, सरकता भाग व नळी यांवर रंगाने सलग खुणा कराव्यात. शाफ्टवर मूळ बाण कोरलेले असल्यास ते स्वच्छ करून पाहावेत.

३. शाफ्टचे पुढचे टोक कोणते, हेही लिहून ठेवावे.

४. नळीवर हातोडा मारू नये. नळीला पोचा पडल्यास किंवा संतुलनासाठी जोडलेली लहान पट्टी निघाल्यास वेगळेच कंपन सुरू होते.

५. सेंटर बेअरिंगखालील चकत्या जशा होत्या तशाच परत बसवाव्यात. त्यांवर जोडांचे कोन अवलंबून असतात.

६. नवा क्रॉस बसवताना ग्रीस निपल ग्रीसगन पोहोचेल अशा बाजूला ठेवावे. सर्कलिप खाचेत पूर्ण बसल्याची खात्री करावी.

७. खुणा जुळवूनच बोल्ट पुस्तिकेत दिलेल्या प्रमाणात आवळावेत.

दोष कसा ओळखावा?

कंपन गाडीच्या वेगानुसार वाढते का, हे प्रथम पाहावे. मोकळ्या रस्त्यावर गाडी न्यूट्रल करून थोडे अंतर जाऊ दिल्यावर, इंजिनाची गती उतरूनही थरथर कायम राहिली, तर कारण बहुधा शाफ्ट किंवा चाकांत असते. उतारावर ही चाचणी करू नये. गिअर टाकताना ‘खट्’ असा आवाज येणे हे क्रॉस झिजल्याचे लक्षण आहे. सर्व्हिसिंगनंतर लगेच नवे कंपन सुरू झाले असेल, तर प्रथम खुणा तपासाव्यात.

जादा भार पेलण्यासाठी मागील स्प्रिंगचे पाटे वाढवल्यास एक्सलची उंची बदलते व दोन्ही जोडांचे कोन समान राहत नाहीत. अशा गाडीत अचूक जोडणीनंतरही कंपन राहू शकते.

ट्रॅक्टरच्या पीटीओ शाफ्टलाही हेच सूत्र

रोटाव्हेटर किंवा फवारणी यंत्राचा शाफ्ट जोडताना हाच नियम लागू होतो. पीटीओची गती मिनिटाला ५४० फेरे व दोन्ही जोडांचे कोन २० अंश असता, योक एकाच पातळीत असल्यास अवजाराला ५४० फेरेच मिळतात. ते काटकोनात बसल्यास गती प्रत्येक फेऱ्यात सुमारे ४७७ ते ६१२ यांदरम्यान हेलकावते. रोटाव्हेटर उचलताना कोन वाढत असल्याने पीटीओ बंद करावा. शाफ्टवरील संरक्षक आवरण कधीही काढून ठेवू नये.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी

बुदनी, हिसार, अनंतपूर व विश्वनाथ चारियाली येथील केंद्र शासनाच्या कृषी यंत्रे प्रशिक्षण व चाचणी संस्थांमध्ये शेतकरी व कारागिरांना प्रशिक्षण मिळते. गावपातळीवरील मेळाव्यात एखादा जुना शाफ्ट हाताने फिरवून, योक जुळलेले व न जुळलेले असताना पडणारा फरक दाखवता येईल. अवजार बँकांनी प्रत्येक शाफ्टवर कायम टिकणारी खूण करून ठेवावी. रंगाच्या एका रेघेला खर्च नगण्य येतो. मात्र काढणीच्या किंवा पेरणीच्या ऐन दिवसांत यंत्र बंद पडण्याची एक मोठी शक्यता तिच्यामुळे टळते.