माळ्यावरची बाळंतीण

टोरंटोत मार्च-एप्रिलमध्ये रात्री छतात खुडबुड सुरू झाली, की ती बहुधा रॅकूनची मादी असते. सुमारे 9 आठवड्यांच्या गर्भारपणानंतर तिला उबदार, कोरडी जागा हवी असते. झाडाची ढोली मिळाली नाही, तर घराचा माळा चालतो. पिल्लं जवळपास 3 आठवडे डोळेही उघडत नाहीत.

इथेच घरमालकाची घाई नडते. पिंजरा लावून मादीला दूर रानात सोडणं दयाळूपणाचं वाटतं, पण मागे राहिलेली पिल्लं छतातच उपाशी मरतात. शिवाय परक्या मुलखात तिला आसरा सापडणं कठीण आणि रेबीजसारखे रोगही तिच्याबरोबर प्रवास करतात. म्हणूनच टोरंटोच्या ओंटारिओ प्रांतात पकडलेला रॅकून 1 किलोमीटरपेक्षा दूर सोडायला कायद्याने मनाई आहे.

त्यापेक्षा तिला थोडा त्रास द्यावा! माळ्यावर दिवा आणि रेडिओ चालू ठेवला, की ती वैतागते आणि एकेक पिल्लू तोंडात धरून दुसरीकडे बिऱ्हाड हलवते. पिल्लं हिंडूफिरू लागली असतील, तर ती आत शिरते त्या भोकावर फक्त बाहेर उघडणारं दार बसवतात. सगळी गेल्याची खात्री झाल्यावरच जाड जाळी ठोकायची. विष्ठेला मात्र उघड्या हातांनी शिवू नये. तिच्यातल्या जंतांची अंडी पोटात गेली, तर अळ्या मेंदूपर्यंत पोहोचू शकतात.

आणि रॅकूनना खुणावणारा कचरा? शहराने 2016 पासून खटक्याच्या झाकणाची हिरवी पेटी वाटली. काही बेरकी रॅकून तीही आडवी पाडून उघडतात, तेव्हा ती भिंतीला बांधलेली बरी.