आगारांतील यांत्रिकांचा ‘कार्यचिंतक’ कोण?

कामगारांच्या तंट्याला इतिहाससंशोधनाच्या त्रैमासिकांत स्थान कशास, असा प्रश्न कित्येक वाचकांस पडेल. उत्तर असें कीं, हा तंटा जितका वेतनाचा तितकाच कागदांचाही आहे. समूहाच्या वतीनें बोलण्याचा अधिकार कोणाचा, हें ज्या पावत्यांवरून व नोंदवह्यांवरून ठरतें, त्यांची गणना आपण अद्याप संग्राह्य साधनांत करीत नाहीं. बीड जिल्ह्यांतील राज्य परिवहनाच्या आगारांचें उदाहरण घेऊन हा विषय येथें मांडतों.

प्रश्न मुळांत जुनाच आहे. याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायांत समूहाचें काम पाहणारांस ‘कार्यचिंतक’ अशी संज्ञा आहे. ते धर्मज्ञ, शुचि व निर्लोभ असावेत. समूहहिताचें ते जें बोलतील तें इतरांनीं मानावें. आणि समूहकार्यास पाठविलेल्या माणसानें आपणांस मिळालेलें समूहास अर्पण न केल्यास त्याजकडून अकरापट वसूल करावें, असा तेथें निर्बंध आहे. कौटिल्यानें संघभृतांची, म्हणजे संघानें मजुरी करणारांची, वेगळी दखल घेतली आहे. मुख्य व समूह यांच्यांत विसंवाद झाल्यास राजानें विचार करावा, असें बृहस्पति सांगतो. या स्मृतीवर मिताक्षरा लिहिणारा विज्ञानेश्वर कल्याणीच्या सहाव्या विक्रमादित्याच्या (इ. स. १०७६–११२६) काळचा, त्या चालुक्यांच्या राज्यांत आजचा बीडप्रांत मोडत असे. डोकीं मोजून प्रतिनिधि ठरविण्याची रीत मात्र आधुनिक कायद्याची.

१९२६ च्या कायद्यानें सात इसमांस संघ नोंदविण्याची मुभा दिली, परंतु त्या संघाशीं मालकानें बोललेंच पाहिजे असें बंधन घातलें नाहीं. बीड त्या वेळीं निजामाच्या राज्यांत असल्यामुळें ब्रिटिश हिंदुस्थानचा हा कायदा तेथें आपोआप लागूही नव्हता. मुंबई इलाख्यांत १९३८ सालीं औद्योगिक तंट्यांचा नवा कायदा आला. त्याविरुद्ध डॉ. आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षानें व साम्यवादी पुढाऱ्यांनीं ७ नोव्हेंबर १९३८ रोजीं संप घडवून आणला. पुढें १९४६ च्या कायद्यानें एका क्षेत्रांतील एका धंद्यास एकच ‘प्रातिनिधिक संघ’ दिला. त्याचें फळ १८ जानेवारी १९८२ रोजीं सुरू झालेल्या गिरणीसंपांत दिसून आलें: कायद्याचा प्रतिनिधि राष्ट्रीय मिल मजदूर संघ, आणि कामगार मात्र डॉ. दत्ता सामंत यांच्या मागें.

आतां आगारांकडे वळूं. हैदराबाद संस्थानांत रेल्वेखात्याच्या आश्रयानें १९३२ सालीं २७ गाड्यांनिशीं मोटारवाहतूक सुरू झाली. मुंबई प्रांताची पहिली एस. टी. १ जून १९४८ रोजीं पुणें व अहमदनगर यांमध्यें धांवली. १९५६ त बीड जिल्हा द्वैभाषिक मुंबई राज्यांत आला, आणि १९६१ त मराठवाड्याची परिवहनसेवा राज्याच्या एकत्रित महामंडळांत विलीन झाली. बीड, अंबाजोगाई, परळी, माजलगांव, गेवराई हीं आगारें त्या महामंडळाचीं.

प्रतिनिधित्वाचा निर्णय पुढें १९७१ च्या महाराष्ट्र अधिनियमान्वयें होऊं लागला. उपक्रमांतील एकूण कामगारांपैकीं निदान शेंकडा तीस सभासद अर्जापूर्वीचे सलग सहा महिने ज्या संघाचे असतील, त्यानें औद्योगिक न्यायालयाकडे मान्यता मागावी, असें त्यांत ठरलें. मान्यताप्राप्त संघाची मासिक वर्गणी पन्नास पैशांहून कमी नसावी, कार्यकारी मंडळ तीन महिन्यांच्या आंत भरावें व ठराव कार्यवृत्ताच्या वहींत लिहावेत, अशाही अटी होत्या.

येथें यांत्रिकाची अडचण उत्पन्न होते. आगारांत चालक व वाहक पुष्कळ, यांत्रिक थोडे. रात्रीं परतलेली गाडी पिटावर घेऊन ब्रेक, स्प्रिंगा, इंजिन तपासावयाचें आणि पहाटेच्या फेरीस ती सोडावयाची, हें त्याचें काम. सुटे भाग न मिळाल्यामुळें गाडी वाटेंत बंद पडली, तरी पहिली विचारणा त्यालाच होते. ही तक्रार चालकाच्या तक्रारीहून निराळी. पण मोजणी साऱ्या उपक्रमाची. तेव्हां सर्व यांत्रिक एकमुखानें बोलले तरी केवळ आपल्या बळावर ते तिसाचा आंकडा गांठूं शकत नाहींत. अमान्य संघाला सभासदाच्या खातेचौकशींत बाजू मांडण्याचा अधिकार कायद्यानें ठेविला. वेतनाच्या वाटाघाटीचा नाहीं. उलट पक्षीं, प्रत्येक कसबास वेगळा संघ दिल्यास चालक एकीकडे व यांत्रिक दुसरीकडे असे फुटतील, आणि त्याचा लाभ मालकालाच होईल, हा आक्षेपही पोकळ नव्हे. माझ्या मतें संघ एकच असावा, परंतु त्याच्या कार्यकारी मंडळांत यांत्रिकांच्या जागा घटनेनेंच राखून ठेवाव्यात.

मान्यता व विश्वास या दोन गोष्टी भिन्न आहेत, हें २०२१ सालीं पुन्हां प्रत्ययास आलें. २७ ऑक्टोबरला संघटनांच्या कृती समितीनें उपोषण आरंभिलें व दुसऱ्या दिवशीं तडजोड केली. आगारांतील कामगारांनीं ती मानली नाहीं. शासनांत विलीनीकरणाची मागणी पुढें करून त्यांनीं काम बंद ठेविलें. बीडसह राज्यांतील बहुतेक आगारें थांबलीं. २४ नोव्हेंबरला जाहीर झालेल्या वेतनवाढीनेंही संप मिटला नाहीं. उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर एप्रिल २०२२ मध्यें तो संपला. मुख्य व समूह यांचा विसंवाद, आणि विचार करणारें न्यायासन: बृहस्पतीचें चित्र शब्दशः उभें राहिलें.

या घडामोडींचें खरें साधन म्हणजे वर्गणीच्या पावत्या, कार्यवृत्तें व आगारांच्या फळ्यांवरील पत्रकें. हे कागद रद्दींत जात आहेत. संग्राहकांस विनंती इतकीच कीं, पावत्यांचा गठ्ठा सोडवूं नये. सुटी पावती फारसें कांहीं सिद्ध करीत नाहीं. सलग सहा महिन्यांच्या पावत्या मात्र अधिकार सिद्ध करतात. आगार, हुद्दा, दिनांक व कागद कोठें मिळाला हें टिपून ठेवावें. माणसें हयात असल्यामुळें नांवें प्रसिद्ध करूं नयेत. शेंदोनशें वर्षांपूर्वींच्या महजरावरील साक्षी आपण भिंगानें वाचतों. आगारांतील यांत्रिकानें आपला कार्यचिंतक म्हणून कोणास मानिलें, त्याची साक्षही तितक्याच निगुतीनें राखली पाहिजे.