आधी घरं की आधी ट्राम?

मँचेस्टर महापालिकेनं १८८६ साली शहराच्या नैर्ऋत्येला कॅरिंग्टन मॉस नावाची दलदल विकत घेतली, ती शहराचा मैला टाकायला. मॉसवर छोटी रेल्वे टाकून तो पसरला जाई आणि त्या खतावर शेती उभी राहिली. आता याच परिसरात ‘न्यू कॅरिंग्टन’ या नावानं सुमारे ५,००० घरांची तरतूद झाली आहे. एकेकाळी मैला टाकायला दूर म्हणून निवडलेली ही जागा आज राहायला जवळ कशी, हा स्थानिकांचा प्रश्न आहे.

ग्रेटर मँचेस्टर म्हणजे दहा पालिकांचा महानगर प्रदेश. घरांसाठी जागा ठरवणारा त्याचा पहिला सामायिक आराखडा २०१६ मध्ये आला. त्यात घरं होती २,२७,२०० आणि त्यासाठी हरितपट्ट्याचा सुमारे आठ टक्के भाग मोकळा करायचा होता. लोक रस्त्यावर उतरले. २०१७ मध्ये महापौर झालेल्या अँडी बर्नहॅम यांनी आराखडा नव्यानं लिहून घेतला. २०२० मध्ये स्टॉकपोर्ट त्यातून बाहेर पडलं. उरलेल्या नऊ पालिकांनी मार्च २०२४ मध्ये ‘प्लेसेस फॉर एव्हरीवन’ हा आराखडा स्वीकारला. २०३९ पर्यंत सुमारे १,७५,००० घरं, आणि त्यातली बहुतेक वापरून सोडून दिलेल्या जमिनींवर.

जागा पारखण्याची इथली पद्धत आपल्याकडच्या नगररचनाकारांनी पाहावी अशी आहे. प्रत्येक ठिकाणाला सार्वजनिक वाहतुकीच्या सोयीनुसार १ ते ८ अशी श्रेणी मिळते. ट्रामचा थांबा किंवा स्टेशन चारशे-आठशे मीटरच्या आत असेल, तर घरं दाटीनं बांधायची. अंतर वाढेल तशी ती विरळ. पुराची चाळणी वेगळी: कमी धोक्याची जमीन शिल्लक असताना पूररेषेतली घ्यायची नाही.

न्यू कॅरिंग्टन या कसोट्यांवर डळमळतं. तिथली प्रवासी रेल्वे १९६४ मध्येच बंद पडली, ट्राम पोचलेलीच नाही आणि आराखड्याची भिस्त नव्या रस्त्यावर आहे. शिवाय मॉसची जमीन म्हणजे पीट, हजारो वर्षं अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा थर. तो ओला असेपर्यंत कार्बन धरून ठेवतो. पाणी उपसलं की सोडू लागतो. आराखडा करणाऱ्यांची बाजू अगदीच पोकळ नाही, कारण शेलचा जुना पेट्रोकेमिकल कारखाना याच परिसरातला, म्हणजे इथली काही जमीन खरोखरच वापरून झालेली आहे. पण कारखान्याची जमीन मोकळी आहे म्हणून शेजारची दलदलही घराजोगी ठरत नाही.

आणि लांब जागा निवडली की काय होतं, हे मँचेस्टरला कुणी वेगळं सांगायला नको. काजळीनं भरलेल्या वस्त्यांतल्या कामगारांना मोकळी हवा मिळावी म्हणून पालिकेनं १९२६ मध्ये दक्षिणेला विदनशॉची जमीन घेतली. अर्नेस्ट आणि शेना सायमन या दांपत्यानं तिथला वाडा आणि अडीचशे एकर जमीन विकत घेऊन शहराला दिली. लेचवर्थ या पहिल्या उद्याननगराच्या रचनाकारांपैकी एक, बॅरी पार्कर, यांनी आराखडा केला. झाडं राखली, प्रत्येक घराला बाग दिली. पार्करच्या कामात खोट काढणं कठीण आहे. मात्र रोजगार मागेच राहिला, ट्रॅफर्ड पार्कच्या कारखान्यांत आणि शहरात. मध्यवर्ती बाजारपेठेला १९६० चं दशक उजाडलं. शहरातल्या जुन्या ट्राम १९४९ मध्ये बंद झाल्या, आणि विदनशॉमधून जाणारी विमानतळाची नवी ट्राम, मेट्रोलिंक, सुरू झाली नोव्हेंबर २०१४ मध्ये. पहिल्या रहिवाशांची नातवंडं तोवर मध्यमवयीन झाली होती.

मराठी वाचकाला इथे शेलू-वांगणी आठवेल. मुंबईच्या गिरण्यांची जमीन परळ-लालबागला, दोन रेल्वेमार्गांच्या मधोमध; तिथे उभे राहिले मॉल आणि टॉवर. गिरणी कामगारांसाठी मात्र सरकारनं २०२४ मध्ये घरं ठरवली ती बदलापूरच्याही पलीकडे, याच शेलू-वांगणीत. ही घरं मुंबईतच हवीत म्हणून जुलै २०२५ मध्ये कामगार आझाद मैदानात जमले. त्यांना जागेचं शास्त्र समजावून सांगायची गरज नव्हती.

मँचेस्टरचा सध्याचा सगळ्यात मोठा डाव मात्र शहराला खेटून आहे. व्हिक्टोरिया स्टेशनच्या उत्तरेला, रेड बँक ते कॉलीहर्स्ट या १५५ हेक्टरांत १५,००० घरं. महापालिकेनं २०१७ मध्ये हाँगकाँगच्या ‘फार ईस्ट कन्सॉर्शियम’शी भागीदारी केली. शहराचं केंद्र चालत गाठता येतं, हा या जागेचा मोठा गुण. पण स्वस्त ती नाही. मधून वाहणाऱ्या इर्क नदीच्या काळ्या, दुर्गंधी पाण्याचं वर्णन एंगल्सनं १८४५ च्या पुस्तकात केलं होतं. कारखान्यांनी दूषित केलेली माती साफ करावी लागते, नदीला पसरायला जागा सोडावी लागते. म्हणूनच इथे सरकारी निधी लागतो. कोऱ्या शेतावर बांधणाऱ्या बिल्डरला हा खर्च नसतो, आणि हरितपट्ट्यावरचा दबाव हटत नाही याचं मोठं कारण हेच.

कॉलीहर्स्टच्या पहिल्या टप्प्यातल्या २७४ घरांपैकी १३० पालिकेची, सामाजिक भाड्याची. सँडहिल्स या नव्या ट्रामथांब्याची योजनाही आहे. तो घरं भरण्याआधी सुरू होतो की नंतर, यावर पालिकेची खरी परीक्षा ठरेल.